ओव्हनची माद्रिना

बोलिव्हियातल्या आमच्या एल आल्तोत पाण्याला उकळी फुटली म्हणजे ते तापलं, असं कोणी धरत नाही. समुद्रापासून चार हजार मीटर वर राहतो आम्ही. इथलं पाणी लवकर बुडबुडे काढतं आणि आतला बटाटा कच्चा तो कच्चाच राहतो. नेमेसिया कोंदोरी इथलीच, पण सतरा वर्षं इटलीत, बेर्गामो गावी परक्यांच्या म्हाताऱ्यांना जेवू घालून परतली ती हे पार विसरून, आणि परतल्यावरही तिचा हात तिकडचाच राहिला. वर्गाच्या पहिल्या दिवशी तिने पाकिटावर लिहिलं होतं तसा घड्याळ लावून अकरा मिनिटं पास्ता शिजवला. तो दाताखाली काड्यांसारखा कटाकट मोडायला लागला तेव्हा पोरं पोट धरधरून हसली.

“बाई, तुमचं घड्याळ अजून खालीच राहिलंय,” लिम्बेर नावाचं एक आगाऊ कार्टं म्हणालं.

“आणि तुझी जीभ फार वर गेलीय. घाल तो पुन्हा पातेल्यात,” नेमेसिया म्हणाली, आणि तीही हसली.

त्याला आता दीड वर्ष झालं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शाळा सुटली की तीन ते सहा, वस्ती समितीच्या सभागृहात चौदा मुलं जमायची. दारावर पुठ्ठा रंगवून लावला होता, ‘जगभरचं जेवण’. फी नव्हती. कोणी दोन कांदे आणायचं, कोणी अंडं, कोणी नुसतीच भूक घेऊन यायचं. त्यातून कधी मोरोक्कोचा कुसकुस व्हायचा, म्हणजे कुसकुसच्या जागी आपला इथला बारीक दाण्याचा किनवा. कधी पोलंडकडच्या उकडलेल्या करंज्या. बेर्गामोला नेमेसियाच्या खालच्या मजल्यावर एका गोठ्यात काम करणाऱ्या पंजाबी माणसाची बायको राहायची, तिच्याकडून ती पोळ्या शिकली होती. पोळ्यांच्या दिवशी तर नुसती धमाल. जोसेलिनची पोळी ब्राझीलसारखी झाली, आणखी कोणाची चपलेच्या तळासारखी, आणि लिम्बेरने बोलिव्हियाचा नकाशा केला, तोही समुद्रासकट. आमचा समुद्र शेजाऱ्यांनी कधीच लाटला, या पठ्ठ्याने तो लाटूनच परत आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समुद्र लोणी लावून खाल्ला.

या चौदांत एक डायरा होती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. ती नेमेसियाची सख्खी नात. हे वर्गात त्या दोघींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. लेक झुल्मा नऊ वर्षांची असताना नेमेसिया तिला बहिणीकडे ठेवून परदेशी गेली. “दोन वर्षं, पोरी. फार तर तीन.” झाली सतरा. खोकी यायची, पैसे यायचे, बाहुल्या यायच्या. पोरगी वयात आली तरी बाहुल्याच यायच्या. फोनवर आवाज यायचा. बाई काही येईना. शेवटी बहीण वारली, आणि तिला मूठमाती दिल्यावर दहा दिवसांनी नेमेसिया येऊन पोचली. झुल्माने दार उघडलं आणि विचारलं, “कोण हवंय?” ओळखलं नाही असं नाही. चांगलं ओळखलं होतं.

तेव्हापासून तीन वर्षं झुल्मा आईशी अहो-जाहो करत होती, आणि तेही रस्त्यात गाठ पडलीच तर. नेमेसियाने मुद्दाम तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. वस्ती नवी, दोघींचं नातं ठाऊक असलेलं तिथे कोणी नव्हतं. झुल्माने त्या घराच्या फाटकाला कधी हात लावला नाही आणि डायरालाही लावू दिला नाही. पण झुल्माचा बाजारात ब्लँकेटांचा गाळा होता, दुपारी पोरीला ठेवायचं कुठे हा घोर होता, आणि वर्ग फुकट होता. म्हणून एवढं एक दार तिने किलकिलं ठेवलं. पोरीला मात्र बजावलं, “वर्गात त्या तुझ्या बाई. आजीबिजी काही म्हणायचं नाही. आणि सहाच्या ठोक्याला घर.”

म्हणजे आठवड्याचे नऊ तास नेमेसियाला नात मिळायची. वर्ग बंद पडला की तेही गेले. लोकांना तो रिकाम्या बाईचा उद्योग वाटायचा. वाटू दे. तिचा सगळा जीव त्या नऊ तासांत अडकला होता.

ऑगस्टच्या तोंडावर, एका मंगळवारी, समितीचे अध्यक्ष डोन एलेउतेरियो, म्हणजे एलेउतेरियोराव, वर्गात आले. आधी त्यांनी एक करंजी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग मिशा पुसून म्हणाले, “बाई, वर्ग झकास आहे. पण सभागृह आता नाचाच्या तालमीला हवंय. अर्ज आलाय.”

“कोणाचा अर्ज?”

“नाचमंडळाचा.”

“नाचमंडळाचे अध्यक्ष तुम्हीच ना?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही तुमच्याकडेच अर्ज केलात.”

“रीतसर केलाय,” डोन एलेउतेरियो जरासुद्धा न ओशाळता म्हणाले. “आणि लोक बोलतात हो. आंतरराष्ट्रीय स्वयंपाक म्हणता आणि साधा ओव्हन नाही. दोन शेगड्या आणि एक तवा. एवढा आंतरराष्ट्रीय स्वयंपाक तर माझी बायको रोज करते, आणि वर मला शिव्या देते.”

“मग काय करू? गाशा गुंडाळू?”

“छे छे. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी सभा आहे. तोवर ओव्हन आणा, त्याचा पाद्रिनो उभा करा. वहीत नाव चढलं की तुम्हाला इथून कोणी उठवत नाही, मीसुद्धा नाही.”

आता आमच्याकडे पाद्रिनोवाचून काही हलत नाही. बाप्तिस्म्याला पाद्रिनो लागतो हे जगाला माहीत आहे. आम्हाला लग्नाच्या केकलाही लागतो, बँडला लागतो, फुटबॉलच्या सदऱ्यांना लागतो, शाळेच्या घंटेलासुद्धा लागतो. जो ती वस्तू देतो तो तिचा मानलेला बाप, बाई असली तर माद्रिना, मानलेली आई. देणारा आणि घेणारा त्या दिवसापासून जन्माचे सोयरे. मान मोठा, म्हणून खिसा हलका झाला तरी माणसं तयार होतात.

“फक्त घरचं माणूस नको हं,” जाता जाता डोन एलेउतेरियो म्हणाले. “कॉम्प्युटरवाल्या मास्तरांचं लक्षात आहे ना?”

कोणाच्या लक्षात नव्हतं! मास्तरांनी आपल्या मेव्हण्याला पाद्रिनो केलं होतं. मास्तर भांडून सोडून गेले तेव्हा मेव्हण्याने भरदुपारी ट्रक लावला आणि ‘घरचीच चीज आहे’ म्हणत सगळे कॉम्प्युटर उचलून नेले. तेव्हापासून सभेचा नियम झाला की पाद्रिनो बाहेरचा हवा, वर्ग चालवणाऱ्याच्या रक्ताच्या नात्यातला नको, आणि तसं दोघांनी सभेत, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगायचं. स्वतः ओव्हन विकत आणून ठेवायलाही म्हणूनच बंदी.

नेमेसियाने रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी नाव ठरवलं, डोन सेवेरो. शेगड्या, फ्रिज, ओव्हन विकणारा वस्तीतला सगळ्यात मोठा दुकानदार. त्याला काय जड?

आमच्यात कोणाला पाद्रिनो व्हा म्हणून नुसतं तोंडाने विचारत नाहीत. गाठोडं घेऊन जातात. बुधवारी वर्गात तेच काम चाललं होतं. आवायोत, म्हणजे हातमागाच्या रंगीत चादरीत, गोड पाव, चपट्या कणसांसारखे वळलेले, एक अननस, केळ्यांची फणी, दोन बाटल्या सरबत असं सगळं मांडून मुलांनी गाठ मारली. समोरच्याने गाठ सोडून पाव मोडला की झालं, तो बांधला गेला. नको असेल तर गाठोड्याला हातच लावायचा नाही. म्हणून शहाणी माणसं गाठोडं लांबून दिसलं की पळतात.

डोन सेवेरोही शहाणेच निघाले. चौदा पोरं आणि मागे बाई अशी वरात दुकानाशी आली, तर गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, “मालक ओरुरोला गेलेत.”

“कधी येतील?” नेमेसियाने विचारलं.

“काही सांगून गेले नाहीत.”

तेवढ्यात मोठ्या फ्रिजच्या मागे फोन वाजला. वाजला आणि घाईघाईने बंद झाला. फ्रिजच्या वरून एका टोपीचा शेंडा दिसत होता.

“बाई, ओरुरो फ्रिजच्या मागे आहे!” लिम्बेर किंचाळला. पोरं खिदळायला लागली. फ्रिजमागून हूं की चूं नाही. माणूस चांगला साठीचा, तीन मजली घराचा धनी, आणि आठ-आठ वर्षांच्या पोरांना भिऊन श्वास कोंडून उभा! नेमेसियाला चीड आली आणि हसूही आलं. “चला रे. ओरुरो लांब आहे,” ती मोठ्याने म्हणाली आणि मुलांना घेऊन निघाली.

मागायला नेलेलं गाठोडं मागणाऱ्याने त्याच दिवशी आपल्या घरी नेऊ नये, अपशकुन होतो. उद्या पुन्हा येऊ असं ठरलं, आणि ज्याचं घर दुकानाला सगळ्यात जवळ त्याने रात्रीपुरतं ते ठेवावं असंही. सगळ्यात जवळचं घर डायराचं. तिने ते पाठीवर बांधलं आणि सहाच्या आत घरी गेली.

पण गुरुवारी बाजाराचा दिवस, डोन सेवेरोचं दुकान तुडुंब. नेमेसियाने विचार केला, शुक्रवारी जाऊ. शुक्रवारी तीन वाजता डायरा वर्गात आली ती रिकामा आवायो नीट घडी करून.

“गाठोडं कुठे?” नेमेसियाने विचारलं.

“आईने खाल्लं.”

“म्हणजे?”

“तिला वाटलं वर्गातून आणलंय. गाळ्यावर घेऊन गेली. शेजारच्या मावशांनाही दिलं.” डायराने आवायो टेबलावर ठेवला. “मग मी सांगितलं, ओव्हनचं होतं ते. तर आईने आवायोची घडी घालून दिली.”

वर्गात एकच कल्ला. “माद्रिना मिळाली! माद्रिना मिळाली!” लिम्बेर टेबलावर चढला. नेमेसियाने मात्र त्याला खाली उतरवलं. वस्तीत कोणाला ठाऊक नसलं तरी तिला ठाऊक होतं ना, ही बाहेरची नव्हे. आणि झुल्मा काय समजेल हेही तिला कळत होतं. पोरीच्या पाठीवर पाव बांधून पाठवला, मला फासात धरलं. उद्यापासून डायरा वर्गाला यायची नाही.

रविवारी ती बाजारात गेली. झुल्मा वाघांची चित्रं असलेल्या ब्लँकेटांच्या घड्या घालत होती.

“या कासेरिता, काय दाखवू?” रोजच्या गिऱ्हाइकाला घालतात ती साद तिने मान वर न करताच घातली. मग मान वर केली. “तुम्ही होय.”

“ते गाठोडं…” नेमेसियाने सुरुवात केली.

“खाल्लं. अननस गोड होता.”

“चुकून झालं, झुल्मा. पोरीचा काही दोष नाही, माझाही डाव नव्हता, आईशप्पथ. ते डोन सेवेरोकडे नेलं होतं. मी तुला मोकळं करायला आलेय. मीच शब्द मागे घेते. तुझ्यावर काही नाही.”

झुल्माच्या हातातली घडी अर्धीच राहिली. “म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच.”

“नाही, म्हणजे तसं…”

“त्या फ्रिजमागे लपणाऱ्या म्हाताऱ्याकडे अननस, पाव, बाटल्या, चौदा पोरांची वरात. आणि माझ्याकडे? खोकं. घे पोरी, घे. जन्मभर नुसतं घे, घे. तीन वर्षं झाली तुम्हाला येऊन. एकदा तरी आलात माझ्या दारात, मूठभर मीठ दे म्हणून?”

“कोणत्या तोंडाने येऊ?”

“ते मला काय विचारता? तोंड तुमचं.” झुल्माने ब्लँकेट धाडकन ढिगावर टाकलं. शेजारच्या गाळ्यावरच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या, त्यांच्याकडे तिने बोट केलं. “या तिघींच्या देखत पाव मोडलाय मी. आता मागे घेतलंत तर बाजारात माझं नाक कापलं जाईल. मी ओव्हन देणार. भिशीची पाळी याच महिन्यात आहे माझी.”

नेमेसियाने आवाज खाली आणला. “अगं, नियम आहे. घरचं माणूस चालत नाही.”

“मग अडतंय कुठे? मी कुठे तुमच्या घरची?”

झुल्मा हे इतकं सहज म्हणाली की जणू ब्लँकेटचा भाव सांगतेय. नेमेसियाने ढिगावरचं ब्लँकेट उगाच सरळ केलं.

“तसं सभेत सांगावं लागेल,” ती कसंबसं म्हणाली. “दोघींना.”

“सांगू की. मी तीन वर्षं सांगतेच आहे. आणि तुम्हाला तर सतरा वर्षांची सवय.”

“आणि आडनाव? वहीत दोन्ही आडनावं लिहितात. तुझं दुसरं, आईकडचं, कोंदोरी.”

“अर्धी वस्ती कोंदोरी आहे. दगड उचलला तर त्याखाली एखादा कोंदोरी असेल.” समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. “व्हा बाजूला, धंदा आहे माझा.”

नेमेसिया घरी चालत गेली. वाटेत तिने बरंच काही मनाशी घोळवलं. पोरगी बोलली ते खोटं नव्हतं. आणि शेवटी बोलायचं तरी किती? ‘नाही’ एवढाच शब्द. तो बोलला की ओव्हन येतो, सभागृह राहतं, डायरा राहते. शिवाय झुल्माशी सोयरीक जुळते, मानलेली का होईना. आई म्हणून नाही तर नाही, वर्षातून चार सणांना तिला हात जोडायला तरी जाता येईल. मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्यावं. असं तिने शनिवारपर्यंत रोज स्वतःला समजावलं आणि बऱ्यापैकी समजावत आणलं.

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. ओव्हन ट्रकमधून आला, चार शेगड्यांचा, खाली मोठी काचेची झडप. झुल्माने तो डोन सेवेरोच्याच दुकानातून उचलला होता, आणि असा घासाघीस करून की डोन सेवेरो स्वतः सभेला आले होते ते केवळ आपण लुबाडले गेलो हे चारजणांना सांगायला. हमालांनी ओव्हन मध्यावर ठेवला. पोरांनी त्याच्यावर कागदाच्या रंगीत टिकल्या उधळल्या, कोणीतरी चारी पायांशी बिअर शिंपडली. झुल्मा ठेवणीतला घागरा आणि झालरीची शाल घालून आली होती. नेमेसियाकडे तिने पाहिलं नाही. कोपऱ्यात नाचमंडळाची माणसं लाकडी खुळखुळे घेऊन बसली होती. निकाल कसाही लागो, त्यांना पुढे तालीम करायचीच होती.

डोन एलेउतेरियोंनी वही उघडली. “माद्रिनाचं नाव?”

“झुल्मा तार्की.”

“दुसरं आडनाव?”

“कोंदोरी.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, “लिहा लिहा, आम्हीपण कोंदोरीच,” आणि सभा हसली. डोन एलेउतेरियोही हसले आणि त्यांनी लिहिलं.

“आता एक रीत म्हणून विचारतो. आधी बाई, तुम्ही. या माद्रिना तुमच्या नात्यातल्या आहेत?”

नेमेसिया उभी राहिली. शब्द अगदी जिभेवर होता. झुल्मा समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि शालीच्या टाचणीशी तिचे हात चाळा करत होते. तिच्या पुढ्यात, पहिल्या रांगेत, डायरा. तिला घरून सांगून आणलं असणार, एक अक्षर बोलायचं नाही. तर पोरीने दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले होते, इतके घट्ट की गाल पांढरे पडले होते. आठ वर्षांचं लेकरू आपल्या आजीला आजी म्हटलं जाऊ नये म्हणून आपलंच तोंड दाबून उभं होतं.

“बाई?” डोन एलेउतेरियो म्हणाले.

“हो,” नेमेसिया म्हणाली.

“हो म्हणजे?”

“माझी मुलगी आहे ती. पोटची. आणि ही पुढे उभी आहे ती माझी नात.” सभागृहात कुजबुज उठली तसा तिचा आवाज चढला. “नऊ वर्षांची असताना मी हिला टाकून गेले. दोन वर्षांत येते म्हटलं आणि सतरा वर्षं आले नाही. एकदा टाकली ती टाकली. पुन्हा नाही टाकणार. ओव्हनसाठी तर नाहीच नाही.”

खुळखुळेवाल्यांपैकी एकाच्या हातातला खुळखुळा नको तेव्हा वाजला. डोन एलेउतेरियोंनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, त्यांचाही चेहरा पडला. “बाई, मग मला हे नाव खोडावं लागेल.”

“खोडा.”

“आणि सभागृह…”

“घ्या तुम्हाला. नाचा.”

झुल्मा तिच्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा लालभडक. “अहो, चांगलं निभत होतं ना? एक शब्द. एवढा एक शब्द बोलायचा होता तुम्हाला!”

“नाही निघाला गं.”

“तेव्हा बरा निघाला होता. दोन वर्षांत येते म्हणून.”

“तेव्हा निघाला,” नेमेसिया म्हणाली. “तेव्हापासून घसा तिथेच धरलाय.” आणि ती रडायला लागली, भर सभेत, नाक वाहेपर्यंत, लाज सोडून. कोणी पुढे झालं नाही. डायराने तोंडावरचे हात काढले होते आणि ती आईकडे बघत होती.

झुल्माने शालीच्या टोकाने स्वतःचं नाक पुसलं. मग वळली आणि तरातरा दाराशी गेली. हमाल बाहेर उरलेली बिअर पीत बसले होते.

“उठा. ओव्हन उचला.”

“आत्ता तर ठेवला, ताई!”

“ठेवला तसा उचला. पैसे देतेय ना?”

डोन सेवेरो खुर्चीतून ताडकन उठले. “मी परत घेणार नाही हं! विकलेला माल परत घेत नाही!”

“तुमच्याकडे कोण आणतंय? जा तुम्ही ओरुरोला!” झुल्मा कडाडली. सभेला हसावं की रडावं कळेना, काहींनी दोन्ही केलं.

हमालांनी ओव्हन पुन्हा खांद्यावर घेतला. रंगीत टिकल्या त्याच्यावरून गळत होत्या. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “कुठे न्यायचा?”

“औषधाच्या दुकानावरून डावीकडे,” झुल्मा म्हणाली. “निळं फाटक. पायरी फुटलीय, सांभाळून चढवा. माझ्या आईचं घर आहे.”

पायरी फुटून सहा महिने झाले होते. नेमेसियाने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ती आतल्या बाजूची. फाटकाशी उभं राहून, वाकून पाहिल्याशिवाय दिसायची नाही.

“मंगळवारी वर्ग तिथे का?” लिम्बेरने सगळ्यांच्या वतीने विचारलं. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, तर ते हो असं धरून तो बाकीच्यांना सांगत सुटला.

ट्रकमध्ये पुढे ट्रकवाल्याशेजारी दोघांपुरतीच जागा होती. डायरा आधीच ट्रकच्या पायरीवर चढली होती. “आजी, मी खिडकीत बसू?” तिने विचारलं.

“खिडकीत आजी बसेल,” झुल्माने मागून सांगितलं. “तिला रस्ता दाखवू दे. तू मांडीवर बस तिच्या. आणि आई, ते नाक पूस आधी.”